कानजी चाळीतले हार्ट अटॅक

काळाचौकीच्या कानजी चाळीत शेवंती घाडी जिन्यात दिसली की अर्ध्या खोल्यांची दारं हळूच लोटली जातात. बाई वाईट नाही हो. कोणाच्या अडीअडचणीला पहिली धावणारी तीच. पण विचारते फार. पिंपात अळ्या झाल्यात का, बघू दे. बाळाला डोस पाजला का. खोकला कधीपासून आहे. टीबीच्या गोळ्या मधेच सोडल्यास ना, तोंडावरूनच कळतंय, पाकीट दाखव आधी. दवाखान्याची आरोग्यसेविका ती. केस पिकले हेच करता करता. जन्म याच चाळीतला, आणि लग्न होऊन गेली ती समोरच्या विंगेत, म्हणजे माहेर-सासर एकाच नळावर. त्यामुळे तिला इथे कोणी मॅडमबिडम म्हणत नाही. ताई, मावशी, शेवंते, आणि पाठ फिरली की फौजदारीण.

या फौजदारणीला दवाखान्याने एक नवीन काम दिलं आणि तिच्या डोक्याचा पार भुगा झाला. ज्या घरातलं साठीच्या आतलं माणूस गेलं असेल, त्या घरी जाऊन बसायचं आणि ते कसं गेलं ते विचारायचं. आजार होता का, जेवत होता का, झोपत होता का, शेवटी शेवटी काय बोलायचा. आणि मग आवाज खाली आणून हेही विचारायचं, की त्याने स्वतःच तर जिवाचं काही करून घेतलं नाही ना.

"हे मी विचारू?" शेवंती म्हणाली होती. "मॅडम, लोक मला जिन्यावरून ढकलतील."

दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टर मृणालिनी मॅडम हसल्या नाहीत. "ताई, अशी माणसं कुठे जातात, कोणत्या वयाची जातात, बायका किती, मुलं किती, हे कळलं तर मदत कुठे पाठवायची ते कळतं. नाहीतर नुसता अंधारात तीर मारायचा."

"पोलिसांकडे असतं की सगळं."

"पोलिसांचं पोलिसांकडे. त्यांना गेलेल्याचं बघायचं असतं. आपल्याला मागे राहिलेल्यांचं बघायचंय."

शेवंतीला हे पटलं. पटलं तिथेच घोळ झाला. दुसरी एखादी असती तर घरी बसून, चहा पिऊन, मनाने उत्तरं भरून मोकळी झाली असती. हिला पटलं, म्हणून ही खरंच दारोदार गेली. आणि दारोदार तिला एकच उत्तर मिळालं. अटॅक.

आता हा अटॅक कुठून आला ते सांगायला हवं. कानजी चाळीच्या दाराशी एक काळा फळा आहे. पाणी कधी येणार नाही, गणपतीची मीटिंग कधी, कोणाचा पोरगा पास झाला, सगळं त्या फळ्यावर. फळा लिहितात चिंतामणी राणे, अख्ख्या चाळीचे नाना. बँकेतून रिटायर झालेले, अक्षर असं की पुसायला जीव होत नाही. चाळीत कोणी गेलं की नाना आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून खाली येतात आणि पांढऱ्या खडूने लिहितात. म्हातारं माणूस असेल तर 'वृद्धापकाळाने'. बाकी कोणीही असलं, कशानेही गेलेलं असलं, तरी 'हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने'. ही रीत नानांच्या वडिलांपासूनची. गिरण्या बंद पडल्या त्या दिवसांत त्यांनी एका घराची अब्रू राखायला असं लिहिलं, ते तसंच चालत आलं. आणि फळ्यावर एकदा आलं की तो चाळीचा शब्द. गावचे पाहुणे विचारोत, ऑफिसातले विचारोत, वर्गातल्या मैत्रिणी विचारोत, प्रत्येक खोलीतून तेच उत्तर. कोणी कोणाला दटावत नाही. दटावायची गरजच पडत नाही.

तिसऱ्या माळ्यावरच्या धोंडू तावड्यांचा विनीत गेला तेव्हाही असंच झालं.

विनीत सव्वीस वर्षांचा, कुरियरवाल्यांकडे कामाला होता. उंच, खांदे पाडून चालणारा. जिन्यात बायका दिसल्या की न बोलता हातातली पिशवी घ्यायचा आणि वर नेऊन दारात ठेवायचा. तो का गेला, हे एका वाक्यात कोणालाच सांगता आलं नाही. नोकरी सुटली होती, पण नोकऱ्या तर कितीकांच्या सुटतात. वर्षभर गप्प गप्प होता, पण गप्प मुलं घरोघरी असतात. धोंडू त्या दिवशी गॅलरीत भिंतीला टेकून बसला होता आणि नानांनी त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं होतं, "तू कसली काळजी करू नको. मी लिहितो नीट."

शेवंती तिथेच उभी होती. नानांनी लिहिलं त्यात काही वाईट आहे असं तिलाही वाटलं नाही. बाप भिंतीला टेकून बसलेला असताना त्याच्यासाठी कोणी एवढंच करू शकतं, तर ते करावंच. तिला वाटलं, होऊन जाईल.

ते झालं नाही. कारण दिवसकार्य उरकल्यावर तिला दवाखान्याचं काम म्हणून त्याच घरी जाऊन बसावं लागलं.

"धोंडूदादा, कसं झालं ते..."

"अटॅक," धोंडू म्हणाला. तो बोलतो मालवणीच, घरी आणि दारी.

"दादा, मी शेवंती. मी होते त्या दिवशी इथे."

"मगे? फळ्यार काय लिवलाहा?"

"अटॅक."

"मगे ताच लिव."

शेवंतीने तेच लिहिलं. नियमच तसा होता, घरचे सांगतील ते लिहायचं, आपल्या मनचं त्यात घालायचं नाही. त्याच्या आधी दुसऱ्या माळ्यावरचा शिवा गेला होता, त्याच्या बायकोनेही तेच सांगितलं. तळमजल्यावरची कॉलेजात जाणारी मुलगी गेली, तिच्या आईने तर अटॅक म्हणून दारच लावून घेतलं. एका चाळीत दोन वर्षांत तीन तरणी माणसं, आणि तिघांचे तीन अटॅक. आजूबाजूच्या चाळींचंही तेच. शेवंती रस्त्यातून चालताना आपल्याशीच पुटपुटायची, ही माणसं मरतानासुद्धा एकमेकांची नक्कल करतात की काय.

आणि मग त्या अटॅकांना फळं लागली.

मॅडमनी सगळ्या सेविकांना बोलावलं. भिंतीवर नकाशा लावलेला, त्यावर रंगीत टिकल्या. वडाळ्यावर पिवळ्या, काळाचौकीवर लालभडक. मॅडम म्हणाल्या, वडाळ्याच्या वस्त्यांमध्ये तरुण मुलं जीव देतायत असं दिसलंय, म्हणून तिथे रुचा जाईल. रुचा म्हणजे मनाचं दुखणं ऐकणारी, समुपदेशनवाली. सबंध भागाला ती एकच. आणि काळाचौकीत तरुणांना हार्टचा त्रास भलताच दिसतोय, म्हणून तिथे हृदयतपासणी शिबिर. छातीचा आलेख काढायचं मशीन येणार, आणि आहारावर बोलायला एक ताई येणार.

ती आहारवाली ताई आलीसुद्धा. कानजी चाळीच्या बायकांना पटांगणात बसवून तिने सांगितलं की खोबरं कमी करा, सुकी मासळी बंद करा. मालवणी बायकांना! एकीने विचारलं, "मग चपातीला काय, कॅलेंडर लावून खाऊ?" दुसरीने घरी जाऊन त्याच दुपारी सोड्याचं कालवण केलं आणि वास सगळ्या माळ्यांवर सोडला. शेवंती कपाळाला हात लावून बसली होती. ज्या दुखण्याने पोरं गेली ते दुखणं ओट्याखाली दडवलं, आणि औषध आलं खोबऱ्याला.

ती मॅडमकडे गेली. "मॅडम, आमच्याकडे हार्ट नाही हो."

"मग काय आहे?"

ते शेवंतीने सांगायचं नव्हतं. घराघरांचा शब्द होता तो, तिचा नव्हता.

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ताई, तुम्हाला काय म्हणायचंय ते मला कळत नाही असं नाही. सव्वीस वर्षांची पोरं अशी रांगेने हार्टने जात नाहीत, हे मलाही माहीत आहे. पण माझ्या माहीत असण्यावर मी माणूस पाठवू शकत नाही. वडाळ्याच्या लोकांनी खरं सांगितलं, म्हणून त्यांना रुचा. तुमच्या लोकांनी अटॅक सांगितला, म्हणून तुम्हाला मशीन. मी काय करू?"

"आमची माणसं..." शेवंतीला पुढचा शब्द सापडेना. "आमची माणसं ना, मॅडम, अगदी..."

"रुचाचं पक्कं व्हायला महिनाभर आहे. एक घर बोललं, एकच, तरी मी वर सांगू शकते की इथली माहिती पुन्हा घ्यायला हवी. पण घरच्यांनी सांगायला हवं. तुम्ही नाही."

शेवंती तिथून तडक नानांच्या खोलीत. नाना पेपर वाचत होते.

"नाना, तुमच्या अक्षराने घात केलाय."

"बस. चहा घेशील?"

"चहा नको. तुम्ही सगळ्यांना अटॅक देत सुटलायत, म्हणून सरकार आपल्याला खोबरं सोडायला सांगतंय."

नानांनी पेपरची घडी घातली. "शेवंते, तुला आठवतं का, शिंदे असाच गेला तेव्हा त्याच्या घरी पेपरवाले आले होते? त्याच्या बायकोचा फोटो छापला होता दारातला. तिच्या पोरांना शाळेत काय काय म्हणायचे. मी जिवंत आहे तोवर या फळ्यावर कोणाची लाज टांगणार नाही."

"फळ्यावर काय लिहायचं ते लिहा हो! फळ्याबद्दल मी कुठे बोलतेय? दवाखान्यात तरी खरं सांगू दे लोकांना. तिथे नाव जात नाही कोणाचं. आकडा जातो."

"आज आकडा, उद्या नाव."

"मग परवा शिबिर, तेरवा आणखी एक अटॅक," शेवंती म्हणाली आणि उठली. नानांनी पेपर पुन्हा उघडला. चांगला माणूस, आणि म्हणूनच भांडायला अवघड. वाईट माणसाला निदान चार शिव्या तरी घालता येतात.

धोंडूचं आणखी निराळं. त्याची एकच चिंता, मुलीचं लग्न. विनीतची धाकटी बहीण प्राची, परळला कपड्यांच्या दुकानात कामाला. अशा घरातली मुलगी कोण करेल, म्हणून बापाने तोंडाला कुलूप लावलेलं. बरं, लावलं तर लावलं. डिलाईल रोडवरून स्थळ आलं. मुलगा बरा, माणसं आपल्याकडचीच, वेंगुर्ल्याची. पोहे झाले, हसणं-बोलणं झालं. आणि आठवड्याने निरोप आला की मुलगी छान आहे, पण घराण्यात हार्टचं आहे म्हणे, भाऊ सव्विसाव्या वर्षी गेला, आम्हाला जरा विचार करावा लागेल.

शेवंतीला हे कळलं तेव्हा ती नळावर कळशी भरत होती. कळशी भरून वाहायला लागली तरी तिला भान नाही. ज्या लग्नासाठी अटॅक सांगितला, ते लग्न अटॅकाने मोडलं! हसावं की ओरडावं तेच कळेना. शेवटी ती नळावरच्या बायकांना म्हणाली, "आता पुढच्या स्थळाला काय सांगणार आहेत? सर्दी?"

कोणी हसलं नाही. प्राची मागे बादली घेऊन उभी होती.

शेवंतीने जीभ चावली. मग तिने पोरीकडे नीट पाहिलं, आणि आपण किती दिवस हिच्याकडे पाहिलंच नाही, असं तिला वाटलं. हिच्या बापाच्या मागे लागायच्या नादात ही पोर नजरेतूनच सुटली होती. ड्रेसच्या बाह्या सैल झालेल्या. डोळ्यांखाली काजळ पसरावं तसं काळं.

"मोडलं त्याचं वाईट वाटतंय?" जिन्यात तिची बादली हातात घेत शेवंतीने विचारलं.

"नाही मावशी. बरं झालं मोडलं."

"झोपतेस का नीट?"

"झोपते की." मग दोन पायऱ्या चढून, "नाही येत."

मॅडमनी एक गोष्ट शिकवताना पुन्हा पुन्हा सांगितली होती. सरळ विचारा. विचारल्याने कोणाच्या डोक्यात नवीन काही भरत नाही, उलट असलेलं बाहेर येतं. शेवंतीने हे कितीदा ऐकलं होतं, आणि गेलेल्यांच्या घरी कितीदा विचारलंही होतं. जिवंत माणसाला विचारायची तिची पहिली वेळ. तिने बादली पायरीवर ठेवली.

"प्राची, मरावंसं वाटतं का गं तुला?"

पोरगी कठड्याच्या लोखंडावरचा रंग नखाने खरवडत राहिली. "कधी कधी."

शेवंतीने चेहरा हलू दिला नाही. "काही करायचं ठरवलंयस?"

"नाही. नुसतं वाटतं. सगळं बंद व्हावं असं."

"बरं झालं सांगितलंस. उद्या शिबिरात आपण मॅडमना भेटू. रुचा म्हणून बाई आहे, तिच्याशी त्या गाठ घालून देतील."

"नको मावशी. बाबांना काय सांगू? कशाला जाते म्हणून सांगू?" प्राचीचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "घरात दादाचं नाव निघालं की बाबा म्हणतात अटॅक आला त्याला. मलासुद्धा. मी घरी होते ना, मावशी! मी पाहिलं ते मला माहीत आहे, त्यांना माहीत आहे, आणि दोघं जेवायला बसलो की अटॅक. मी कोणाशी बोलू?"

शेवंतीला धोंडूचा असा राग आला की त्याला गदागदा हलवावं. पण ते नंतर. आधी तिने प्राचीला सांगितलं, "आजपासून माझ्याकडे झोपायला यायचं. माझा हात दुखतो, भांडी घासायला कोणी नाही, असं सांग बापाला."

"आणि खरंच घासायला लावशील."

"लावीनच. फुकट ठेवते की काय."

दुसरा दिवस रविवार, शिबिराचा. पटांगणात मांडव घातला होता, आत खुर्च्या, पडदा लावून एक खाट, खाटेजवळ ते मशीन. व्यवस्था नानांकडे. गणपतीचा लाऊडस्पीकर लावून ते नावं पुकारत होते, आणि माईक होता डॉक्टरांच्याच टेबलावर, कारण चाळीत प्लगाची वायर तिथवरच पोचत होती. टेबलावर उन्मेष नावाचा नवा डॉक्टर, नुकती मिशी फुटलेली, बोलायला गोड. मॅडम पलीकडच्या टोकाला कोणाचे तरी रिपोर्ट बघत होत्या.

शेवंतीने ठरवलं होतं, प्राचीला सरळ मॅडमकडे न्यायचं. पण नानांनी मधेच अडवलं. "हिची आधी तपासणी. भावाला झालंय, बहिणीला जपायला हवं. बस गं पोरी." आणि बाजूच्या खुर्चीत धोंडूलाही बसवलं, दंडाला प्रेशरचा पट्टा बांधून.

"घरात कोणाला हार्टचा त्रास?" उन्मेषने विचारलं.

नानांनीच सांगितलं, "आहे ना. हिचा भाऊ. सव्विसाव्या वर्षी."

उन्मेषने पेन खाली ठेवलं. बिचाऱ्याचा चेहराच उतरला. "सव्वीस? अहो, मग हे गंभीर आहे. दोघांच्याही सगळ्या तपासण्या करायला लागतील. तोवर दगदग नको, धावपळ नको. जिने तर अजिबात चढायचे नाहीत."

"तिसऱ्या माळ्यावर राहते ती," शेवंती म्हणाली. "उडत जाऊ दे का घरी?"

प्राचीला हसू फुटलं. आधी छोटंसं, मग मोठं, मग ते थांबेचना, आणि बघता बघता त्याचं रडणं झालं. ओढणी तोंडात कोंबून ती रडत होती. रांगेतल्या बायका म्हणाल्या, घाबरली गं पोर, पाणी द्या. कोणीतरी म्हणालं, छातीत दुखतंय का बघा. उन्मेष मशीनच्या वायरी घेऊन उठला.

तेव्हा शेवंतीचं डोकं सटकलं. ती धोंडूच्या खुर्चीपुढे जाऊन उकिडवी बसली, कारण ओरडायचं तिला बसूनच चांगलं जमतं, पण ओरडली मात्र नाही.

"दादा, ती हार्टने रडते का? बघा तिच्याकडे. एकाला तुम्ही फळ्यावर घालवलंत, ते घालवलंत. ही अजून समोर आहे. काल मला म्हणाली, मरावंसं वाटतं. तुम्हाला सांगता येत नाही तिला. का येत नाही, ते तुम्हीच बघा. मला नाव नको दादा, कोणाला नाव नको. नुसतं खरं सांगा."

धोंडूने दंडाचा पट्टा उचकटला. चर्र आवाज झाला. तो उन्मेषला म्हणाला, "डाक्टर, ते वायरी ठेव. हिका लावू नको."

"काका, अहो तपासायला..."

"माझ्या झिलाचो हार्ट बरो होतो. तेका कसलो अटॅक नाय इलो. तेणा आपलो जीव आपण घेतल्यान." मग मान वळवून, मुलीकडे न बघता तिच्या पायांकडे बघत, "हिणा बघल्यान. आणि हिकाच मी अटॅक सांगत रवलंय."

"धोंडू!" नाना टेबलाकडे धावले. "अरे, माईक चालू आहे!"

आणि खरंच, माईक चालू होता. सगळ्या माळ्यांवर, संडासाच्या रांगेत, रस्त्यापलीकडच्या पानवाल्यापर्यंत गेलं होतं ते. गॅलऱ्यांमधून बायका वाकून बघत होत्या.

धोंडूने वर बघितलं, माळ्यामाळ्यावरून नजर फिरवली. "असूंदे," तो म्हणाला. "सगळ्यांका म्हायतीच होता. सांगूचा कोणाक रवला होता?"

खरंच तर होतं. सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट सगळ्यांपासून लपवायला अख्खी चाळ राबत होती.

प्राची उठून बापाजवळ आली. त्याच्या खांद्याला नुसती टेकून उभी राहिली. तेवढ्यात मॅडम आल्या, त्यांनी पहिल्यांदा माईक बंद केला, आणि बापलेकीला पडद्यामागे नेलं. नाना तसेच उभे होते, हातात नावांचा कागद. शेवंतीने त्यांना खुर्ची दिली. "बसा नाना. तुमचंच प्रेशर बघायची वेळ आलीय."

आता सगळं मार्गी लागलं असेल असं कोणाला वाटेल, तर तसं काही झालं नाही. मॅडमनी वर कळवलं, माहिती पुन्हा घ्यायचा हुकूम आला, आणि म्हणजे काय, तर शेवंतीने पुन्हा तीच दारं वाजवायची. शिवाची बायको आपणहून नळावर येऊन हळूच म्हणाली, "ताई, माझं पण बदलून टाका." तळमजल्यावरच्या मुलीच्या आईने मात्र दार उघडलं, ऐकून घेतलं, आणि पुन्हा अटॅकच म्हणाली. शेवंतीने अटॅकच लिहिलं. त्या बाईच्या डोळ्यांकडे बघून दुसरं काही करवेना, आणि नियमही तोच. पलीकडच्या चाळीत एकाने तिला धोंडूवरून टोमणा मारला, लाऊडस्पीकरवर अब्रू विकली म्हणून. त्याला तिने अळ्यांची नोटीस देते म्हणून दम दिला. दोन गल्ल्या सोडून एका म्हाताऱ्याने तिला बसवून घेतलं आणि सुनेबद्दल सगळं सांगितलं, जे कधी कोणाला सांगितलं नव्हतं. असं मागेपुढे होत राहिलं.

शेवटी रुचा मिळाली. आठवड्यातून एक दिवस. सोमवारी.

"सोमवारी!" शेवंती मॅडमच्या टेबलापुढे उभी. "माणसाचं मन काय फक्त सोमवारी बिघडतं? मंगळवारी काय करायचं, उपास?"

"आकडे आणखी खरे आले की आणखी दिवस मागते. आणि मधल्या दिवसांत कोणाला लागलं तर रात्री-अपरात्री मला फोन करा. तुम्ही तशाही करताच."

"मग मी फिरतेच आहे," शेवंती करवादून म्हणाली. "माझ्या चपला तेवढ्या दवाखान्याने द्याव्या."

पहिल्या सोमवारी प्राचीला घेऊन ती गेली. इंजेक्शनच्या खोलीतच रुचाला जागा दिली होती, दाराला फटी, म्हणून आतून चादर लावलेली. प्राची आत गेली. बाहेरच्या बाकावर शेवंती, आणि तिच्या बाजूला धोंडू, इस्त्रीचा शर्ट घालून. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. 'सोबतीक' म्हणून आला होता. गेल्या काही दिवसांत घरी विनीतचं नाव निघत होतं, प्राचीच सांगत होती. एकदा जेवताना बाबा म्हणाले, त्याला वांग्याची भाजी आवडायची नाही. एवढंच. पण ताटावरून कोणी उठलं नाही.

थोड्या वेळाने धोंडू म्हणाला, "इतकी काय बोलतत गो आतमधी?"

"बोलू दे."

"तिका बरा नाय वाटणा काय?"

"दादा, आताच गेलीय ती."

धोंडूने शर्टाची कॉलर सारखी केली. मग पुन्हा, "रडता काय ती?"

"रडली तर रडली. तुम्ही गप बसा हो जरा, नाहीतर माझ्यावरच आत जाऊन बसायची वेळ येईल."

समोरून कोणी बाई बाळाला डोस द्यायला आली, शेवंतीने बसल्या बसल्याच तिला चार प्रश्न विचारले. धोंडू गुडघ्यांवर हात ठेवून त्या चादरीच्या दाराकडे बघत होता. आतून प्राचीचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते, पण थांबत नव्हता. विनीत गेल्यापासून घरात न ऐकलेला इतका मोठा आवाज.

"शेवंते," धोंडू म्हणाला.

"आता काय?"

त्याने घसा खाकरला. शर्टाचं वरचं बटण लावलं, मग काढलं.

"आत आणखी एक खुर्ची असा काय, बघ गो."